मुंबईची क्वीनी, लंडनची मर्ल

लेखमाला : पडद्यावरच्या स्त्रिया (लेखांक ७)
शुक्रवार पेठ, सोलापूर

मागच्या लेखात आपण पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्सची, म्हणजे मूकपटांच्या काळातील ‘सुलोचना’ची कारकीर्द पाहिली. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती सिनेमात आली आणि हिंदू नाव घेऊन मोठी झाली. आजची नायिकाही कोलकात्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिनेही नाव बदलले, पण तिची वाट नेमकी उलटी होती. तिला भारत पुसून टाकावा लागला.

मर्ल ओबेरॉनचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच वर्षी राणी मेरी अपोलो बंदरावर उतरली आणि तिच्यावरून या मुलीला घरात ‘क्वीनी’ म्हणू लागले. वडील रेल्वेत नोकरी करणारे इंग्रज होते. जिला ती आई म्हणत वाढली ती शार्लट सेल्बी मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. पुढे मुंबईतल्या जन्मनोंदीवरून उघड झाले की क्वीनीची खरी आई शार्लटची कोवळ्या वयातली मुलगी कॉन्स्टन्स होती. म्हणजे ‘आई’ ही प्रत्यक्षात आजी होती.

१९१७ साली हे घर कोलकात्याला गेले. हौशी नाटकांत कामे करत क्वीनी विशीच्या आत युरोपात पोहोचली. लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने तिला हेरले. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये अ‍ॅन बोलीनची छोटी भूमिका मिळाली आणि लोकांच्या नजरेत ती भरली. पुढच्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ आला. प्रसिद्धीसाठी तिचा जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर झाल्याचे सांगितले गेले. मुंबईपासून दूर, आणि पडताळायला कोणी जाणार नाही असे ठिकाण!

आजच्या लेखाची सूचना वाचून शुक्रवार पेठेतील एका वाचकांनी विचारले आहे, ‘जन्मभूमी नाकारणाऱ्या बाईचे कौतुक कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी त्या वेळचे नियम पाहावे लागतील.

अमेरिकेने १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी आशियाई लोकांना दारे जवळजवळ बंद केली होती. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती, आणि व्यवहारात आशियाई कलाकारांनाही हीच फूटपट्टी लावली जाई. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री. तरीही ‘द गुड अर्थ’मधल्या चिनी शेतकरणीची भूमिका तिला नाकारून ल्युइझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला दिली गेली, आणि रायनरला त्यासाठी ऑस्करही मिळाले. मुंबईचा जन्म आणि सिलोनची आजी उघड झाली असती, तर मर्लला नायिका कोणी केले असते?

या खोट्याची किंमत घरातच मोजली गेली. लंडनमध्ये शार्लट मर्लबरोबरच राहत असे, पण पाहुण्यांना तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये ती वारली. १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिचे चित्र काढून घेतले, तेही वर्ण उजळ करवून. हे चित्र तिने अखेरपर्यंत जपले.

अभिनयात मात्र ती खरी होती. ‘द डार्क एंजल’ (१९३५) साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. १९३७ मध्ये मोटार अपघातात ती जखमी झाली आणि ‘आय, क्लॉडियस’ अर्धवट राहिला. तरी १९३९ मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर तिने साकारलेली कॅथी आजही पाहण्यासारखी आहे. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी तिचे चरित्र आले आणि सत्य सर्वांपुढे आले.

शार्लटच्या वाट्याला आलेल्या वागणुकीचे समर्थन मी करणार नाही. पण मुंबईचा जन्म लपवल्याचा दोष एकट्या मर्लवर टाकणे अन्याय ठरेल. तिने खोटे सांगितले, कारण खरे सांगणाऱ्यांना तिथे जागा नव्हती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली आशियाई वंशाची पहिली स्त्री आपल्या मुंबईत जन्मली, हे आता आपण मोकळेपणाने सांगायला हवे.

(पुढील आठवड्यात : सोलापुरात जन्मलेल्या, ‘पद्मश्री’ शशिकला)