सीझरनंतरची योनिमार्गे प्रसूती आणि पुण्याची प्रसूतिव्यवस्था : एक मागोवा

पहिले मूल सिझेरियन शस्त्रक्रियेने झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेस योनिमार्गे प्रसूत होता येईल का, या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले; परंतु पुण्यासारख्या शहरात एखाद्या स्त्रीच्या वाट्याला प्रत्यक्ष कोणते उत्तर येते, हे तिच्या गर्भाशयावरील व्रणाइतकेच ती कोणत्या रुग्णालयात नाव घालते यावरही अवलंबून राहिले आहे. अशा प्रसूतीला वैद्यकीय व्यवहारात ‘व्हीबॅक’ म्हणतात, आणि ती साधण्यासाठी कळा सुरू होऊ देऊन, बाळ व आई यांच्यावर सतत लक्ष ठेवून प्रसूतीला दिलेल्या संधीला ‘ट्रायल ऑफ लेबर’, म्हणजे कळांची चाचणी, असे म्हटले जाते. ही चाचणी मनापासून देऊ करणारा डॉक्टर शोधणे हा वरवर पाहता व्यक्तीचा शोध वाटतो. गेल्या काही दशकांचा मागोवा घेतला, तर तो एका व्यवस्थेचा शोध असल्याचे दिसते.

‘एकदा सीझर, की पुढे सीझरच’ या नियमाचे मूळ न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांच्या १९१६ सालच्या निबंधात आहे. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेतला जाई, आणि पुढच्या प्रसूतीत कळांच्या ताणाने तो व्रण फाटण्याची भीती खरी होती. क्रेगिन यांचा रोख मात्र पहिल्या शस्त्रक्रियेकडे होता: एक सीझर पुढच्या सर्व बाळंतपणांना बांधून ठेवते, म्हणून पहिले करतानाच हात आखडता घ्यावा, असे त्यांना सांगायचे होते. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा व्रण कळांमध्ये कितीतरी अधिक टिकाऊ ठरला, आणि ज्या कारणासाठी नियम झाला होता ते कारण बरेचसे उरले नाही. नियम मात्र उरला, आणि त्यातला पहिल्या शस्त्रक्रियेविषयीचा इशारा गळून पडला.

पुण्यात आधुनिक प्रसूतिसेवा उभी राहिली ती मोठ्या सार्वजनिक आणि धर्मादाय संस्थांच्या आधाराने. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात ससून रुग्णालय उभे राहिले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससूनच्या साहाय्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. आणि रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये रुजू झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. १९९३ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरवलेल्या कोयाजींनी पुढील अर्धशतकात त्याचे मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात रूपांतर घडवले आणि वढूच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाद्वारे त्याचे काम खेड्यांपर्यंत नेले. या संस्थांचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे, की कळांच्या चाचणीला जे लागते, म्हणजे रात्रंदिवस हजर असणारे डॉक्टर, कळा देणाऱ्या बाईजवळ तासन्‌तास बसणारी शिकलेली परिचारिका आणि कोणत्याही वेळी उघडता येणारे शस्त्रक्रियागृह, ते अशा संस्थांच्या घडणीतच असते.

पाश्चात्त्य देशांत नियमाला पहिला मोठा धक्का १९८० मध्ये बसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने त्या वर्षी, खालचा आडवा छेद असलेल्या निवडक स्त्रियांना कळांची चाचणी देणे सुरक्षित व योग्य असल्याचे मत दिले, आणि १९९६ पर्यंत तेथे आधी सीझर झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ योनिमार्गे प्रसूत होऊ लागल्या. या भरात काही ठिकाणी निवड सैल झाली, कळा आणण्यासाठी औषधांचा वापर वाढला, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने प्रोस्टाग्लँडिन गटातील औषधांनी कळा आणल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका बराच वाढतो हे दाखवले. तत्पूर्वी, १९९९ मध्येच, अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तातडीचे सीझर करू शकणारा डॉक्टर चाचणीच्या काळात तत्काळ उपलब्ध असावा अशी अट घातली होती. ती पाळणे शक्य नसलेल्या लहान रुग्णालयांनी ही सेवाच बंद केली, आणि २००६ पर्यंत प्रमाण शंभरात नऊच्याही खाली आले. २०१० मध्ये नव्या परिषदेने आणि त्याच संघटनेच्या सुधारित मार्गदर्शनाने ही घसरण चिंतेची असल्याचे मान्य करून दार पुन्हा उघडले. या चढउतारात स्त्रियांची शरीरे बदलली नव्हती. बदलली होती ती रुग्णालयांची तयारी आणि त्यांचे भय.

आज स्थिरावलेले आकडे स्पष्ट आहेत. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार चाचणी घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ ते ७५ योनिमार्गे प्रसूत होतात, आधी एकदा तशी प्रसूती झालेली असल्यास हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते, आणि गर्भाशय फाटण्याची घटना साधारण दोनशे स्त्रियांमागे एक घडते. बाळ दगावण्याचा धोका अत्यंत कमी असून तो पहिलटकरणीच्या प्रसूतीतील धोक्याच्या जवळपास असतो. पहिले सीझर बाळ पायाळू असल्यामुळे झाले असेल तर यशाची शक्यता अधिक, कळा देऊनही बाळ अडले म्हणून झाले असेल तर कमी. गर्भाशयाच्या वरच्या भागावरील उभा छेद किंवा पूर्वी गर्भाशय फाटल्याचा इतिहास असेल तर चाचणी देऊच नये, यावर एकमत आहे. दोनशेतली ती एक घटना मात्र मिनिटांचा हिशोब मागते. बाळाच्या ठोक्यांतील बिघाड, दोन कळांच्या मध्येही न थांबणारे दुखणे, जोरात आलेल्या कळा एकाएकी थांबणे, खाली उतरलेले डोके पुन्हा वर सरकणे, ही तिची लक्षणे ओळखणारे कोणी तेथे असावे लागते आणि लगेच पोट उघडता यावे लागते.

नेमक्या याच ठिकाणी पुण्याच्या खासगी प्रसूतिव्यवस्थेची रचना आडवी येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर पेठांबाहेर कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, औंध असे पसरत गेले, तसतशी प्रसूतीची मोठी जबाबदारी दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमवर आली, जी बहुधा एखादे डॉक्टर दांपत्य किंवा एकटा डॉक्टर चालवतो. तेथे भूलतज्ज्ञ कायम नसतो, तो बोलावल्यावर येतो आणि एका दिवसात अनेक ठिकाणी जातो. रक्त रक्तपेढीतून आणावे लागते. बालरोगतज्ज्ञही फोनवर असतो. ठरलेल्या सीझरला हे सर्वजण ठरलेल्या वेळी येतात, पण मध्यरात्री तीन वाजता कळांच्या सातव्या तासाला ते किती मिनिटांत पोचतील, याची खात्री डॉक्टरला स्वतःलाही देता येत नाही. शिवाय चाचणीसाठी त्याला बारा-चौदा तास अडकून राहावे लागते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणल्यानंतर, काही विपरीत घडल्यास ‘सीझर का केले नाही’ असे विचारले जाईल, ‘सीझर का केले’ असे क्वचितच, ही धारणाही बळावली. म्हणून अनेक डॉक्टरांच्या नकारामागे अज्ञान किंवा लोभ शोधण्याआधी त्यांच्या इमारतीत रात्री कोण झोपते ते पाहणे न्याय्य ठरते. अर्थात शस्त्रक्रियेचे अधिक शुल्क आणि सोयीची वेळ यांचा मोह कोठेच नसतो असेही म्हणता येणार नाही.

परिणाम आकड्यांत उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. देशभरात सरकारी रुग्णालयांत ते सुमारे १४, तर खासगी रुग्णालयांत ४७ टक्के आढळले. पहिली सीझर वाढली की काही वर्षांनी दुसरी वाढतात, आणि प्रत्येक व्रणाबरोबर पुढच्या गरोदरपणातील एक गंभीर धोका वाढतो: वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, जुन्या व्रणावर रुजून गर्भाशयाच्या भिंतीत घुसते. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली असेल, तर असे घडण्याची शक्यता दुसऱ्या सीझरच्या वेळी सुमारे ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असल्याचे एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. दोनच मुले हवी असलेल्या जोडप्याला हे दूरचे वाटते; परंतु तिसरी गर्भधारणा नेहमी ठरवून होत नाही.

पुण्यातील शोधाला आणखी एक अडचण इथल्या रूढीने जोडली आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे पुण्यात नांदणाऱ्या अनेक स्त्रियांचे पहिले सीझर सोलापूर, सातारा, लातूर किंवा जळगावच्या एखाद्या दवाखान्यात झालेले असते आणि दुसऱ्या वेळी त्या पुण्यातच नाव घालतात. त्यांच्या पिशवीत असते ते एक घडी पडलेले डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ‘एलएससीएस’ (गर्भाशयाच्या खालच्या भागावरील सीझर) ही चार अक्षरे, बाळाचे वजन, टाके काढण्याची तारीख आणि गोळ्यांची नावे असतात. छेद आडवाच होता का, तो फाटत बाजूला वाढला होता का, गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, बाळाचे डोके कोठे अडले होते, यांपैकी काहीच त्यावर नसते; ते सर्व शस्त्रक्रियेच्या नोंदीत असते, आणि ती नोंद गावच्या दवाखान्यातील फायलीतच राहते. ज्या डॉक्टरपुढे पूर्वीची शस्त्रक्रिया अशी अंधारात असते, त्याने जपून पाऊल टाकले तर त्याला दोष देणे कठीण आहे. वस्तुतः रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनीच डॉक्टरांवर घातले आहे. पण ती मागायची असते हेच पहिल्या बाळंतपणात कोणी सांगत नाही.

अनुकूल डॉक्टर आणि केवळ विरोध न करणारा डॉक्टर यांतील फरक बहुतेक कुटुंबांना उशिरा कळतो. ‘बघू, प्रयत्न करू’ हे आश्वासन सातव्या महिन्यापर्यंत टिकते. मग बाळ मोठे दिसते, पाणी कमी वाटते, व्रण सोनोग्राफीत पातळ दिसतो, आणि छत्तिसाव्या आठवड्यात सीझरची तारीख हातात पडते. यांतील एखादे कारण खरेही असू शकते, परंतु व्रणाच्या जाडीवरून तो फाटेल की टिकेल हे खात्रीने सांगता येत नाही आणि सोनोग्राफीतले वजनही अंदाजाचेच असते. खरोखर अनुकूल असलेला डॉक्टर आरंभीच जुनी नोंद मागतो, त्या स्त्रीच्या बाबतीत शक्यता किती ते सांगतो, कोणत्या परिस्थितीत चाचणी थांबवेल हे आधी स्पष्ट करतो, रात्री कोण हजर असेल याचे नाव घेऊन उत्तर देतो आणि आपल्या इमारतीत ही सोय नसेल तर मोठ्या रुग्णालयाकडे वेळेत पाठवतो. सर्व ऐकून स्त्रीने पुन्हा सीझरच निवडले तर तो तेही तितक्याच आदराने स्वीकारतो, कारण ठरलेल्या सीझरमध्ये गर्भाशय फाटण्याचा धोका नगण्य असतो आणि तो निर्णय तिचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजावून सांगणे आवश्यक मानले, त्याचा प्रसूतिकक्षातील अर्थ हाच आहे.

गेल्या दशकात हा प्रश्न खासगी कुजबुजीतून सार्वजनिक चर्चेत आला, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा होता. येथील ‘साथी’ संस्थेशी निगडित डॉ. अरुण गद्रे, जे स्वतः लासलगावात अनेक वर्षे प्रसूतितज्ज्ञ होते, आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींतून खासगी वैद्यकातील अनावश्यक उपचारांवर प्रकाश टाकणारे ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक २०१६ मध्ये आणले. ‘पुणे सिटिझन डॉक्टर फोरम’ने नागरिक आणि डॉक्टर यांच्यातील विश्वास सावरण्याचा प्रयत्न केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रुग्णालयांनी प्रसूतींची रॉब्सन वर्गवारी ठेवावी अशी शिफारस केली, जिच्या दहा गटांपैकी पाचवा गट नेमका आधी सीझर झालेल्या, पूर्ण दिवसांच्या, एकच व डोक्याकडून येणारे बाळ असलेल्या स्त्रियांचा आहे. मुंबईच्या सुबर्णा घोष यांच्या ऑनलाइन याचिकेनंतर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना सीझरचे प्रमाण जाहीर करण्यास सांगण्यात आले, तर महाराष्ट्राच्या २०२१च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. २०१८च्या अखेरीस केंद्राने प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे स्वतंत्रपणे प्रसूती हाताळू शकणारी तज्ज्ञ परिचारिका, घडवण्याचे धोरणही जाहीर केले. कळांच्या चाचणीत जी सततची सोबत लागते, ती देणारे मनुष्यबळ या मार्गानेच वाढू शकते.

या सर्व कालखंडातून निष्पन्न होते ते असे, की पुण्यातील स्त्रीला चांगला डॉक्टर मिळण्यासाठी ओळखीपाळखीची चिठ्ठी पुरेशी नाही आणि ती तशी लागूही नये. प्रत्येक प्रसूतिगृहाने रॉब्सनच्या पाचव्या गटातील किती स्त्रियांना चाचणी दिली आणि त्यांपैकी किती योनिमार्गे प्रसूत झाल्या हे दरवर्षी सांगावे; लहान नर्सिंग होमनी जवळच्या मोठ्या रुग्णालयाशी असा करार करावा, की डॉक्टरला आपल्या रुग्णासह तेथे जाऊन चाचणी देता येईल; आणि प्रत्येक पहिल्या सीझरनंतर शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत, न मागता, आईच्या हाती दिली जावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि खर्च एका कागदाचा आहे. ती उद्या सकाळपासून प्रत्येक प्रसूतिगृहात सुरू होऊ शकते.