पेटीतून गावी गेलेले ग्रंथालय

बडोद्याच्या मांडवीजवळील सेंट्रल लायब्ररीत प्रथम गेलेला माणूस पुस्तके पाहण्याआधी पायाखाली पाहतो. तेथील ग्रंथांच्या मांडण्या पोलादी असून मजल्यांना जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा हा हेतू. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी त्या काचेवर पाऊल टाकले तेव्हा भीतीने माझे पाय लटपटले होते. आजोबा हसले आणि म्हणाले, "अरे, ही इमारत १९३१ सालची. खरी लायब्ररी त्याच्या पुष्कळ आधी बैलगाडीतून हिंडत होती."

त्या बैलगाडीविषयी थोडे लिहावे असे फार दिवस मनात आहे. आपण जुनी मराठी घराणी श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेतो आणि लायब्ररीचे सारे श्रेय तेथेच संपवतो. श्रेय त्यांचे आहेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा असून त्याला अक्षरओळखही नव्हती. वाचता न येणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले, त्यानेच १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. तथापि लवकरच एक अडचण ध्यानात आली. चार इयत्ता शिकून पोरे शेतावर जात आणि घरात वाचावयास कागदाचा कपटाही नसल्याने शिकलेले विसरून जात. शाळेवरचा खर्च वाया जाऊ द्यावयाचा नसेल तर गावात पुस्तक हवे, असा हा सरळ हिशेब होता.

तो हिशेब सोडविण्यासाठी महाराजांनी १९१० साली अमेरिकेतील न्यू हेवनहून विल्यम अलॅन्सन बोर्डन यांना आणले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी लोकांसाठी खुला केला. ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले आणि १९१२ पासून एक नियतकालिकही निघू लागले. त्यात इंग्रजी मजकुराबरोबर मराठी व गुजराती मजकूरही असे. बोर्डन १९१३ साली परत गेले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त आणि मोतीभाई अमीन यांनी काम वाढविले. मोतीभाईंनी तर बोर्डन येण्यापूर्वीच, १९०६ पासून, मित्रमंडळांमार्फत गावोगावी वाचनालये काढण्यास आरंभ केला होता. आपल्या भाषणांतून हे नाव क्वचितच ऐकू येते, ही आपली उणीव.

आता पेटीकडे वळतो. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती मागणाऱ्या गावाला पाठवीत. वर्गणी नाही आणि जाण्यायेण्याचे भाडेही नाही. माझे आजोबा तेव्हा डभोईकडे तलाटी होते. बारक्या रुळांच्या गाडीने पेटी स्टेशनावर उतरे, तेथून ती बैलगाडीने चावडीवर येई. पहिली पेटी आली तेव्हा आठ दिवस तिला कोणी हात लावला नाही, असे आजोबा सांगत. सरकार फुकट देते, म्हणजे नावे टिपून मागाहून सारा वाढविणार, अशी गावाची पक्की समजूत! शेवटी शाळामास्तरांनी संध्याकाळी कंदील लावून एक गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचावयास घेतले. पहिल्या दिवशी सहा माणसे, पंधरवड्यात अंगण भरले. पुढे एकदा पडद्यावर चित्रे दाखविणारी खात्याची मंडळी आली, तेव्हा शेजारच्या गावांतूनही गाड्या जुंपून लोक आले. कूळ आणि सावकार एका सतरंजीवर बसलेले आजोबांनी त्या रात्री प्रथम पाहिले.

सारे बसले होते, असे मात्र नव्हे. अंत्यजांची मुले चावडीच्या पायऱ्यांखाली उभी राहून ऐकत. नियमाने पेटी सर्वांची होती; चावडी सर्वांची नव्हती. मास्तर आवाज चढवून वाचीत, एवढीच त्यांची हिंमत. "आणि मी तेवढेही केले नाही," असे आजोबा एकदा म्हणाले, आणि मग बराच वेळ गप्प राहिले.

पेटी तीन महिन्यांनी परत जाणार म्हटल्यावर गावाला चुटपुट लागली. येथे त्या योजनेतली खरी मेख होती. गावाला कायमचे वाचनालय हवे असेल तर गावाने वर्षाला जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच सरकारने आणि तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी. खेड्यासाठी ही मर्यादा शंभर रुपयांची, कसब्यासाठी तीनशेची. म्हणजे गावाने हात आखडला की सरकारचाही हात आखडणार. राजाने सारेच फुकट दिले असते तर राज्य १९४९ साली विलीन झाल्यावर त्या वाचनालयांचे नाव कोणी घेतले असते, याची मला शंका वाटते. लग्नामुंजींत मोकळ्या हाताने खर्चणाऱ्या आपल्या मंडळींनी शेजारच्या वाचनालयाची वर्गणी शेवटची कधी भरली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. माझी दोन वर्षांची थकली होती, ती हा लेख लिहावयास बसण्यापूर्वी भरून आलो.

आजोबांची त्या वर्षीची वही माझ्यापाशी आहे. शाई फिकट झाली आहे, अक्षर मोडी. मला ते शिकून वाचावे लागले. वर्गणी देणाऱ्यांची नावे ओळीने आहेत. कोणाचे पाच रुपये, कोणाचे आठ आणे. सुताराने पैशांऐवजी फळ्या दिल्या, त्यांची नोंद आहे. एका म्हातारीने चार आणे दिले असून पुढे शेरा आहे की बाईस वाचता येत नाही, नातू वाचून दाखवील. आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या शाईत, नावे न लिहिता 'पायऱ्यांखालील मंडळी' म्हणून एक रुपया दोन आणे जमा आहेत. ते घेतले खरे. त्यानंतर ती मुले पायऱ्या चढली की नाही, याविषयी वहीत काही नाही.