वर उघडणाऱ्या याद्या

गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत एका जुन्या संकेतस्थळाच्या तळपट्टीतला वर उघडणारा मेन्यू काढून त्याऐवजी तीन आडव्या रेघा बसवण्याची तजवीज मंजूर झाली, आणि त्या मसुद्यावर सही करताना माझा हात किंचित अडखळला.

वर उघडणे हा काही आमचा शोध नव्हे. १९९५ साली विंडोज ९५ ने पडद्याच्या तळाशी स्टार्टचे बटण ठेवले तेव्हाच तो दस्तूर पडला होता. पुढची काही वर्षे, जिथे मिळेल तिथून जावास्क्रिप्ट उचलून आणण्यात गेलेली, मी वगळतो. २००३ साली पॅट्रिक ग्रिफिथ्स व डॅन वेब यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’मध्ये साध्या यादीवर सीएसएसचे संस्कार करणारी सकरफिश पद्धत मांडली आणि आमचे खरे दशक सुरू झाले. इंटरनेट एक्सप्लोरर ६ दुव्यावाचून अन्य कशावरही हॉवर मानीत नसे, सबब त्या एका हट्टी ब्राउझरच्या बंदोबस्तासाठी मूठभर जावास्क्रिप्ट वेगळी लिहावी लागे.

तत्कालीन वरिष्ठांचे फर्मान असे की, तीस-तीस पिक्सेलांच्या चार कलमांसाठी यादीला ‘टॉप: -१२०’ द्यावे. पाचवे कलम येताच यादी खाली वाढून मूळ शीर्षकावरच बसली, तेव्हा ‘बॉटम: १००%’ दिल्यास यादीचा तळ शीर्षकाच्या माथ्याला चिकटतो आणि वाढ आपोआप वरच्या दिशेला होते, हे माझे म्हणणे, दोष कोणाचा याची वाच्यता न होता, मान्य झाले. यादी व शीर्षक यांत एक पिक्सेलाची फट राहिली तरी माऊस तिथे पोचताच यादी मिटे, ही यातना निराळीच.

आणि फ्लॅश! पट्टीच्या वर हलते चित्र हवेच, असा ग्राहकाचा आग्रह. ‘डब्ल्यूमोड’ ट्रान्सपरंट करायचा राहिला, तो आमच्याकडूनच, आणि यादी उघडली ती चित्राच्या मागे. “अहो, निविदा कुठे गेल्या?” असे त्यांनी दूरध्वनीवरून विचारले.

२०२४ पासून क्रोममध्ये अँकर पोझिशनिंग आहे. जागा नसेल तर यादी वर उघडायची की खाली, हे ब्राउझरच ठरवतो. ते उत्तमच आहे, असे मी म्हणतो. मनातून मात्र हेवा वाटतो. २०२१ साली आयफोनच्या सफारीनेही पत्त्याची पट्टी अंगठ्याच्या सोयीसाठी तळाशी आणली. आमच्या नव्या मसुद्यातल्या त्या तीन रेघा मात्र उजव्या कोपऱ्यात आहेत, अगदी वर.