पक्ष बदलतो, गट राहतो

‘आमचं ठरलंय’ ही घोषणा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात घरोघरी पोचली. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीधर्म बाजूला ठेवून राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध आपल्या गटाची ताकद शिवसेनेच्या संजय मंडलिकांमागे लावली आणि मंडलिक निवडून आले. याचं मूळ २०१४ मध्ये होतं. तेव्हा लोकसभेला पाटलांनी महाडिकांना साथ दिली. त्याच वर्षी विधानसभेला महाडिकांचे चुलतभाऊ अमल भाजपकडून पाटलांविरुद्ध लढले आणि पाटील पडले.

बाहेरच्याला ही निष्ठेची वाताहत वाटते. मला वाटतं, इथे निष्ठा काठोकाठ आहे, फक्त ती चिन्हावर नाही, गटावर आहे. राष्ट्रवादीने तिकीट नाकारल्यावर संजय यांचे वडील सदाशिवराव मंडलिक २००९ मध्ये अपक्ष लढून खासदार झाले, ते या निष्ठेच्या बळावरच. गट म्हणजे गावची सेवा सोसायटी, दूध संस्था, जिल्हा बँक, साखर कारखाना. उसाला तोड उशिरा आली तर वजन घटतं आणि शेतकऱ्याचं वर्षाचं गणित कोलमडतं. अशा वेळी फोन कुणाला करायचा, हे घरात आजोबांच्या काळापासून ठरलेलं असतं. म्हणून तर ‘गोकुळ’ दूध संघाची २०२१ ची निवडणूक आमदारकीच्या ईर्ष्येने लढली गेली. या मतदाराला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तो आपली गरज नेमकी ओळखतो.

पण गरजेपलीकडेही काही घडतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे म्हटल्यावर उदारमतवाद्यांनी तुटपुंजी योजनाही उचलून धरली, तर परंपरावाद्यांनी सढळ योजनाही मान्य केली. आपण योजनेचे गुणदोष पाहूनच ठरवलं, असंच दोघं सांगत होते. आपल्याकडेही गटाने उमेदवार ठरवला की त्याचे गुण दिसू लागतात, आणि पंचगंगेचं प्रदूषण, महापूर हे प्रश्न प्रचारात मागे पडतात.

२०२४ च्या लोकसभेला मात्र हसन मुश्रीफ, महाडिक, समरजित घाटगे हे सारे गटनेते महायुतीत, म्हणजे संजय मंडलिकांच्या बाजूला होते. तरी काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखांहून अधिक मतांनी जिंकले. सतेज पाटलांचा गट त्यांच्यामागे होता, हे खरं. पण एवढं मताधिक्य नुसत्या गटांच्या बेरजेतून निघत नाही. अभ्यासकांनी गावनिहाय तपासावीत ती ही वरची मतं.