संशय कुठवर घ्यावा?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक प्रश्न हमखास घातला जातो : ‘संशयवादाच्या युक्तिवादांचे मूल्यमापन करा.’ आम्हा मराठीच्या मास्तरांचा या प्रांताशी संबंध शुद्धलेखनापुरता. पण निबंध नजरेखालून घाला म्हणून मुले येतात, आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारता सुधारता आपणही त्या भोवऱ्यात ओढले जातो.

बहुतेक निबंधांचे पहिले पान देकार्तच्या चरित्रात खर्ची पडते. ते खुशाल कापावे. देकार्तने १६४१ साली ‘मेडिटेशन्स’मध्ये शंका काढली ती अशी : अंगात झगा घालून मी शेकोटीशी बसलो आहे असे मला वाटते, पण असे तर स्वप्नातही वाटते. मग हे स्वप्न नव्हे कशावरून? एवढे वाचून विद्यार्थी देकार्तला संशयवादी ठरवतो आणि झोडपू लागतो. वास्तविक त्या गृहस्थाला खात्रीच हवी होती. संशय ही त्याची चाळणी!

मूल्यमापन करायचे तर युक्तिवादाच्या पायऱ्या सुट्या कराव्या लागतात. ‘मी जागा आहे हे मला ठाऊक नसेल, तर समोर शेकोटी आहे हेही ठाऊक नाही’ ही एक पायरी. ‘मी जागा आहे हे मला ठाऊक नाही’ ही दुसरी. दोन्ही मान्य केल्या की निष्कर्ष गळ्यात पडलाच. तेव्हा कोणती पायरी मोडायची ते सांगितल्यावाचून सुटका नाही. १९३९ साली केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी एका व्याख्यानात आपले दोन हात एकामागून एक दाखवले आणि बाह्य जग सिद्ध झाले म्हणून सांगितले. मुले हसतात. पण हाताची खात्री अधिक की त्या पायरीची, हा त्यामागचा प्रश्न पोरकट नाही.

हा सारा खटाटोप साहेबाच्या देशातला, अशी मुलांची समजूत असते. आमच्या पंडितांनी याच विषयावर पिढ्यान्‌पिढ्या कुस्त्या मारल्या आहेत. नैयायिकांचे संशयाचे ठरीव उदाहरण म्हणजे तिन्हीसांजेला समोर दिसते ते झाडाचे खोड की माणूस? खोड आणि माणूस दोन्ही ठाऊक असल्याखेरीज ही शंका यायचीच नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त संशयाला हद्द घालून दिली : स्वतःच्या वागण्याशी विरोध येईल तिथे तो थांबला. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त उदयनांचाच श्लोक चार शब्द फिरवून त्यांच्यावर उलटवला. विरोध आहे म्हणता ना? मग ज्याच्याशी विरोध, तो संशय आधी असलाच पाहिजे! यावर गंगेशाचे उत्तर असे, की माणसाची कृतीच संशयाला अडवते. धूर हवा म्हणून तो विस्तव पेटवतो, तृप्ती हवी म्हणून जेवतो, दुसऱ्याला कळावे म्हणून बोलतो. ‘काहीच ठाऊक होत नाही’ हे परीक्षकाला कळावे म्हणून आठ पाने लिहिणाऱ्याने इथे क्षणभर थांबावे.

यंदा एका विद्यार्थिनीने हा सारा वाद मांडला होता. तिने विचारले, “सर, मला गंगेशाचे पटते आणि श्रीहर्षही सोडवत नाही. शेवट काय करू?” मी म्हटले, “जिथे अडलीस तिथले नाव-गाव लिही.” तिने लिहिले, की कृतीवरून माणसाचा विश्वास दिसतो, ज्ञान नव्हे, सबब दुसरी पायरी तिला मोडता आलेली नाही. मला विचाराल तर पारडे गंगेशाकडे झुकते. खोड-माणसाच्या शंकेला निदान तिन्हीसांज तरी लागते; नुसते ‘स्वप्न असू शकेल’ एवढ्यावर भरदुपारी शंका घेण्याला कारण काय? तसे मी समासात पेन्सिलीने लिहूनही दिले. तिने ते वाचले, खोडरबराने पुसले आणि निबंध आपल्या प्राध्यापकांकडे नेऊन दिला.