नीलगिरी तेल हुंगायचं, पाजायचं नाही

सर्दी झाली की आपण रुमालावर नीलगिरी तेलाचे दोन थेंब टाकून हुंगतो. बरं का वाटतं? या तेलात सिनिओल नावाचं द्रव्य असतं. त्याने नाकात गारवा जाणवतो, श्वास मोकळा वाटतो. प्रयोगशाळेत पेशींवर तपासलं तेव्हा ते सूज कमी करणारंही दिसलं. पण हुंगल्याने सर्दीचा विषाणू मरत नाही, आणि प्रतिकारशक्ती वाढते असंही सिद्ध झालेलं नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही बजावून सांगतो, हे तेल पाजायचं नाही. मधातून नाही, साखरेवरही नाही. लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी गुंगी येते, झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला लावू नका. कापराचंही तेच. बाटली झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवा.

चुकून कुणी प्यायलंच, तर उलटी काढायला लावू नका. 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या. आणि सर्दीत बाळाला धाप लागली, पोट उडायला लागलं, तर तेल शोधत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.