बधिर बोटे आणि ओला ब्रेक

पावसाळ्यातल्या रविवारी जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर कामशेतपासूनच दुचाकींच्या रांगा लागतात. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने सगळी गर्दी इथेच. सुमारे 600 मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात कडाक्याची थंडी नसते, पण भिजलेल्या अंगाला वारा लागला की हिशेब बदलतो. पाण्याची वाफ होताना ते त्वचेतली उष्णता ओढून घेते. मग छाती-पोटातली ऊब टिकवण्यासाठी शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे बधिर होतात, ब्रेक किती दाबला याचा अंदाज येत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगात एका सेकंदाचा उशीर म्हणजे जवळपास 17 मीटर; तोही ओल्या रस्त्यावर.

घोळक्यात आणखी एक अडचण असते. हुडहुडी भरलेला मित्र ‘थांबूया’ म्हणायला लाजतो. म्हणून थांबे आधीच ठरवावेत, आणि गारठलेल्याला सर्वांत मागे ठेवू नये. रेनकोट भिजण्याआधी घालावा, हातमोज्यांचा कोरडा जोड जवळ ठेवावा. शर्टाचे बटण लावता येत नसेल, तर हँडल दुसऱ्याकडे द्यावे. चहा चालेल; दारूने मात्र नुसते उबदार वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता आणखी वेगाने बाहेर पडते.